नीता सबनीसचं बॉर्नमथ

बॉर्नमथमध्ये कसं फिरायचं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सिंगापुरात यिशुनला राहणाऱ्या नीता सबनीसला गाठावं. आता बॉर्नमथ म्हणजे काय, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हवा खायला जायचं गाव. उन्हाळा आला की अर्धं इंग्लंड तिथल्या वाळूवर उताणं पडलेलं असतं. नीता तिथे कधी गेलेली नाही. पण विचारून तर बघा! स्टेशनातून बाहेर पडलात की होल्डनहर्स्ट रोड धरायचा, लॅन्सडाउनचा मोठा चौक लागेल, तो ओलांडला की ओल्ड क्राइस्टचर्च रोड. तो दुकानांमधून वळत वळत खाली उतरतो आणि तुम्हाला स्क्वेअरला आणून सोडतो. स्क्वेअरला आलात की जिंकलंत. तिथे बागेतून लहानसा ओढा वाहतो. "वाट चुकली तर कुणाला विचारत बसू नका," नीता सांगते, "ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली चाला. पाणी समुद्राकडेच जाणार. समोर लाकडी धक्का दिसला की पोचलात."

न पाहिलेल्या गावाचा रस्ता सांगणं हे तिचं पोटापाण्याचं कामच आहे म्हणा. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत ती खलाशांना बोटीवर चढवायचं आणि बोटीवरून उतरवायचं काम बघते. कुणी सँटोसला उतरतो, कुणी रॉटरडॅमला चढतो. मग फोन येतो, "मॅडम, बाहेर आलोय, आता कुठे?" की मॅडम सिंगापुरात बसून सांगणार, "डाव्या हाताला टॅक्स्यांची रांग असेल, तिकडे जाऊ नका, खांबाशी आपला माणूस पाटी घेऊन उभा आहे." आणि माणूस असतो. रत्नागिरी-अलिबागकडची पोरं तिला फार मानतात. अशा बाईच्या नशिबी नवरा यावा तो प्रबोध सबनीस! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कोथरूडमध्ये स्वतःच्या मामाचं घर शोधताना हा दोनदा कर्वे पुतळ्याला वळसा घालायचा. माणूस नाकासमोर चालणारा आहे, असं त्याची आई कौतुकानं म्हणायची. नाकासमोर चालूनही वाट चुकतो, हे मात्र नीतानं लग्नानंतर पाहिलं.

तर हा प्रबोध. एका बँकेत आयटीत मोठ्या हुद्द्यावर. गेल्या वर्षी जानेवारीत बँकेनं त्याला बॉर्नमथच्या ऑफिसला पाठवलं. लेक वल्लरी तेव्हा प्राथमिक पाचवीत, पुढच्या वर्षी तिची सहावीची मोठी परीक्षा, पीएसएलई. इथली आयांची जात त्या परीक्षेसाठी देव पाण्यात घालून बसते. तेव्हा असं ठरलं, की प्रबोधनं पुढे जायचं, घर बघायचं, आणि वल्लरीची परीक्षा आटोपली की डिसेंबरात मायलेकींनी जायचं. सगळं शिस्तीत ठरलं. भांडण नाही, तंटा नाही. प्रबोध निघायच्या आधी पुण्याहून सासूबाईंचा, कुमुदआईंचा फोन आला.

"नीता, देव त्याच्याबरोबर दे हो. देव आधी, माणसं मागून. घर मांडायचं तर पहिल्यांदा देव मांडायचे. नाहीतर नुसत्या भिंती."

"आई, तो पूजा करणार आहे का?"

"तू फोनवरून करून घे की! खलाशांना साऱ्या जगात फिरवतेस, एका नवऱ्याकडून दिवा लावून घेता येत नाही?"

नीतानं देव उतरवले. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. पहिले तीन सबनीसांचे, आईंनी दिलेले. अन्नपूर्णा नीताची. गौरीहराच्या पूजेला बसली तेव्हा तिच्या आईनं ओंजळीत दिली होती, ती तांदळातून घेऊन ती सासरी आली. चौघांना तिनं लाल खणात तांदळात घालून बांधलं. प्रबोध शेजारी बॅगेची चेन ओढत होता. म्हणाला, "मला हे सगळे सारखेच दिसतात गं. मागे नंबर घालून दे."

ती हसली होती. त्या हसण्याचा आता तिला राग येतो.

पहिले काही महिने काय विचारता! बॉर्नमथला सकाळचे आठ म्हणजे सिंगापुरात दुपारचे तीन, तिकडे थंडी असली की चार. चहाची वेळ. नीता कप घेऊन ऑफिसच्या खिडकीशी जायची. खाली फेरीबोटी लागलेल्या, वर सेंटोसाकडे जाणाऱ्या केबल कार, आणि कानात प्रबोधचे बूट. तो लॅन्सडाउनजवळच्या फ्लॅटमधून निघायचा आणि ही नकाशा उघडून त्याला ऑफिसपर्यंत चालवायची. "आता मोठं बुटांचं दुकान येईल, तसाच खाली. स्क्वेअरला ये. बागेत शिरू नकोस, समोरचा चढ घे, रिचमंड हिल." तो धापा टाकत म्हणायचा, "तू नसतीस तर मी फ्रान्सला पोचलो असतो." रविवारी ती त्याला समुद्राकडे न्यायची. कड्यावरून वाळूत उतरायची नागमोडी वाट, वाळूलगत रंगीत खोपटांची ओळ, झाडीनं भरलेल्या घळी. बसचे नंबर, धने-जिरे मिळणारं दुकान, वल्लरीला शाळा कुठली जवळ, सगळं तिला पाठ. त्याला पाठ नव्हतं, पण त्याला गरजच काय होती? रोज शेवटी ती विचारायची, "दिवा लावलास?" आणि तो म्हणायचा, "हो बाई, लावला."

इकडे यिशुनच्या फ्लॅटमध्ये देव्हारा रिकामा. तुळशीबागेतून आणलेला सागवानी देव्हारा, आत काही नाही. तरी संध्याकाळी नीताचा हात निरांजनाकडे जायचाच. वल्लरी एकदा वहीतून मान वर करून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "ममा, नोबडी इन्साइड, लाह."

"देव बाबांकडे आहेत. आपण जाणार ना तिकडे."

"ओके. बट यू आर प्रेइंग टू अ कपबोर्ड."

कार्टीची जीभ म्हणजे! पण नीता दिवा लावत राहिली. जेवण झालं की वल्लरीची परीक्षाही घ्यायची, "स्टेशनवरून घरी कसं यायचं?" आणि वल्लरी कंटाळून, डोळे फिरवून, पण एकही वळण न चुकता सांगायची. पोरीला गणितात कमी पडले तरी बॉर्नमथमध्ये पैकीच्या पैकी.

मग ऑक्टोबरातली ती दुपार आली. प्रबोध नेहमीसारखा निघाला होता. नीता म्हणाली, "आता सरळ खाली, स्क्वेअरपर्यंत."

"नको, इकडून जवळ पडतं," तो म्हणाला.

नीताला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वाट सांगणारा प्रबोध! त्याच्या बुटांचा आवाज बदलला, घुमायला लागला, छताखालून चालल्यासारखा. तो अजिबात घुटमळत नव्हता. "ठेवतो गं, पोचलोच," म्हणाला आणि फोन बंद झाला. तिनं नकाशा पाहिला. बरोबर होतं, तिथे एक जुनी, काचेच्या छपराची दुकानांची गल्ली होती, दोन रस्त्यांच्या मधून जाणारी. ती जवळची होती, यात शंका नाही. पण तिच्यातून पलीकडे निघालं की चर्च लागतं, पुढे बाग, पुढे धक्का. ऑफिस वरच्या अंगाला राहतं. ऑफिसला जाणारा माणूस त्या गल्लीत शिरतच नाही.

नीतानं बोट नकाशावर ठेवलं आणि तिला काही वाटलं नाही. खरंच काही नाही. चहावर साय धरली होती, ती तिनं बोटानं काढून कपाच्या काठाला लावली. जागेवर येऊन बसली तर रॉटरडॅमहून संग्राम नावाच्या पोराचा फोन वाजत होता. "मॅडम, वाट चुकलो." ती शांतपणे म्हणाली, "ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली चाल."

पोरगं बिचारं गडबडलं. "मॅडम, इथे ओढाबिढा काही नाही हो. सगळं सपाट आहे."

मग तिनं माफी मागितली आणि नीट वाट सांगितली.

त्यानंतर फोन विरळ झाले. आधी एक दिवसाआड, मग रविवारचे, मग वल्लरीशी चार शब्द. तो वाट चुकत नव्हता, मग फोन कशाला करील? तुम्ही म्हणाल, हिनं विचारलं का नाही? अहो, विचारलं की उत्तर येतं. न विचारणाऱ्या माणसाकडे निदान डिसेंबर तरी असतो. नीता सकाळी यिशुनहून एमआरटीच्या गाडीत बसायची, हार्बरफ्रंटला उतरायची, संध्याकाळी परत यायची, दिवा लावायची. हसायच्या जागी हसायची. चाफ्याच्या झाडाखालून जाताना पूर्वी तिला घरची आठवण यायची, ती यायची बंद झाली. कुणी चिमटा काढला असता तर तिनं थँक यू म्हटलं असतं. दर रविवारी कुमुदआईंचा फोन यायचा, गोड, खडीसाखरेसारखा. "सगळं ठीक ना? वल्लरी अभ्यास करते ना? डिसेंबराला अवकाश आहे, घाई करू नका." नीताला आधार वाटायचा. आईंना मुलाच्या पोटातलं काही कळलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या का?

या जूनच्या सुट्टीत शेजारच्या ब्लॉकमधली स्मिता आणि तिचा नवरा संजीव मुलांना घेऊन इंग्लंडला निघाले. स्मिता वही न घेता आली, म्हणाली, "तोंडी सांग, तुझं सांगणं लक्षात राहतं." नीतानं सांगितलं. स्टेशनपासून धक्क्यापर्यंत, घळीपासून खोपटांपर्यंत, आइस्क्रीम कुठे घ्यायचं आणि सीगल ते हातातून कसं पळवतात इथपर्यंत. बोलताना तिला स्वतःलाच तरतरी आली. शेवटी लॅन्सडाउनजवळच्या घराचा पत्ता दिला. "प्रबोधला भेटून ये. घर कसं आहे ते बघ. देव कुठे मांडलेत ते बघ. स्वयंपाकघरात मांडले असतील तर ओट्यापासून लांब आहेत ना, एवढं बघ."

"बघते," स्मिता म्हणाली.

ती परत आली त्या रविवारी सकाळी नीता दारातच उभी होती. स्मिताच्या हातात पत्र्याचा डबा, वर बॉर्नमथच्या धक्क्याचं चित्र. तिथे समुद्रकाठी मिळणाऱ्या मिठाईचा डबा.

"अगं, तू सांगितलंस तस्संच आहे सगळं!" स्मिता घाईघाईनं म्हणाली. "ओढा काय, बाग काय! एक पाऊल चुकलो नाही आम्ही. संजीव म्हणाला, ही बाई तिथे राहून आलीय गेल्या जन्मी."

"घर?"

स्मितानं डबा पुढे केला. "घरी नाही गेलो. तो धक्क्यावरच भेटायला आला. हे दिलंय. तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय."

"बरा आहे?"

"बरा आहे," स्मिता म्हणाली, आणि कपडे धुवायला टाकलेत म्हणून लिफ्टकडे पळाली. एरवी ही बाई चहा घेतल्याशिवाय उंबरा सोडत नाही.

नीतानं डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला. वल्लरी समोर पालथी पडून गणितं सोडवत होती. डबा उघडला. आत कापूस, कापसात लाल खण. तिचाच खण. तिनं गाठ सोडली.

आत एकटी अन्नपूर्णा होती.

पळी हातात घेऊन बसलेली, बोटभर उंचीची, लख्ख घासलेली. चिंचेनं घासलेलं पितळ जसं दिसतं तशी. प्रबोध भांडी घासायचा तर चहाचा डाग कपाला तसाच ठेवायचा. नीतानं कापूस उलटापालटा केला. खंडोबा नाही, भवानी नाही, बाळकृष्ण नाही. ते तिथेच राहिले होते. कुणीतरी मांडलेल्या, घासूनपुसून नेटकं ठेवलेल्या घरात.

तिला पहिल्यांदा काय कळलं, तर हे प्रबोधचं काम नव्हे. ज्याला चारही देव सारखे दिसतात, त्याला यातली बायकोची कुठली आणि आपली कुठली हे कसं कळणार? माहेरची अन्नपूर्णा सुनेची असते, सून नांदायची नसेल तर तिची तिला परत करायची, हे त्या माणसाच्या सात जन्मांत डोक्यात येणार नाही. हे सांगणारं माणूस एकच. ज्यांनी इतके महिने ताकास तूर लागू दिली नाही, ते माणूस.

आणि बघा, फोन वाजलाच. रविवार होता ना.

"नीता," कुमुदआई म्हणाल्या. आज खडीसाखर नव्हती. "पोचली का गं सुखरूप?"

"पोचली."

तिकडे पुण्यात मागे कुकरची शिटी झाली. मग आईंचा आवाज फुटला. "त्यानं तिकडे घर मांडलंय गं. ऑक्टोबरापासून. मी नको नको म्हटलं, फोनवर डोकं आपटून घेतलं, ऐकेना. मग म्हटलं, निदान तिची वस्तू तरी तिला परत दे. दुसऱ्या बाईच्या देवात तुझी अन्नपूर्णा नको बसायला. तेवढं तरी मी केलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"कोणत्या तोंडानं सांगू? शेवटी पोटचा आहे."

नीताला रागानं ओरडावंसं वाटायला हवं होतं. अहो, दुसरी कुणी असती तर फोन भिंतीवर फेकला असता! पण तिच्या आत जिथून राग निघतो तिथे कुणी राहतच नव्हतं. ती म्हणाली, "बरं केलंत आई. गोळी घेतलीत का बीपीची?" आणि म्हातारी हमसाहमशी रडायला लागली. ती रडत होती तोवर नीतानं फोन कानाशी धरून ठेवला, मग हळूच ठेवून दिला.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं वाटीत तांदूळ आणले. देव्हाऱ्यात पसरले. अन्नपूर्णेला ओल्या फडक्यानं पुसलं. परक्या बाईनं घासलेलं तेज पुसून जात नाही, तरी पुसलं. आणि तांदळावर बसवली. इतक्या मोठ्या देव्हाऱ्यात ती एवढीशी दिसत होती, मोकळ्या वर्गात एकच मुलगी लवकर येऊन बसावी तशी. निरांजनात वात घातली. काडेपेटी कुठे ठेवली ते आठवेना.

मागे वल्लरी उभी होती. केव्हापासून कोण जाणे. तिनं देव्हाऱ्यात पाहिलं, मग टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. पोरं सगळं ऐकतात, आपल्यालाच वाटतं ती गणितं करतायत.

"डिसेंबरला आपण जात नाही ना?" वल्लरीनं विचारलं. मराठीत विचारलं. ही पोरगी आईशी मराठीत कधी बोलली होती, नीताला आठवेना.

"नाही."

"ओके."

वल्लरीनं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमधून काडेपेटी काढून दिली. तिला जागा ठाऊक होती. नीतानं काडी ओढली, वात पेटली. दोघी उभ्या राहिल्या. खाली कुणाची तरी सायकलची घंटी वाजत होती, वरच्या मजल्यावरून तळलेल्या लसणाचा वास येत होता, रविवार होता.

"ममा," वल्लरी म्हणाली, "मग ते सगळे रस्ते आता विसरले तरी चालतील?"

हो म्हणायला नीतानं तोंड उघडलं. आणि सबंध गाव डोळ्यांपुढे उभं राहिलं. स्टेशन, होल्डनहर्स्ट रोड, लॅन्सडाउन, दुकानांतून वळत उतरणारा रस्ता, स्क्वेअर, ओढा. एकही वळण पुसट नाही. आणि त्या सगळ्या रस्त्यांवरून आपण कुणाला हाताला धरून चालवत होतो, रोज, चहा निववून, हे तिच्या छातीत एकदम आलं. ऑक्टोबरापासून न आलेलं रडू तेव्हा कुठे आलं, उभ्याउभ्या, पदर ना रुमाल, पोरीच्या देखत.

वल्लरीनं तिच्या कमरेला हात घातला.

"तू विसर, बाळा," नीता म्हणाली. "मला काही जमेलसं वाटत नाही."